हिवाळ्यातील एकांतवास आणि स्वामी विवेकानंद

मार्गशीर्ष महिना लागतो, पहाटे धुके उतरू लागते, धुंधुरमासाच्या निमित्ताने सूर्योदयापूर्वीच मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचा नैवेद्य सिद्ध होतो आणि अशा दिवसांत कोठेतरी निवांत जाऊन राहावे असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. कोणी नरसोबाच्या वाडीस जातात, कोणी गाणगापुरास जातात, कोणी घरातल्याच एका खोलीत दत्तजयंतीपूर्वी गुरुचरित्राचा सप्ताह करतात आणि त्या सात दिवसांत बोलणे, खाणे व व्यवहार आवरून धरतात. आपल्या आयुर्वेदाने हेमंत व शिशिर हे बलवृद्धीचे ऋतू मानले आहेत. या काळात जठराग्नी प्रदीप्त असतो, अन्न चांगले पचते, झोप गाढ लागते, असे वैद्यशास्त्र सांगत आले आहे. शेतातील सुगीही एव्हाना बरीच उरकलेली असते. एकांतवासासाठी हा काळ निवडला गेला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

परंतु चार दिवस दूर जाऊन मनुष्यास नेमके काय मिळते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कोणी म्हणतात, विश्रांती मिळते व प्रकृती सुधारते. कोणी म्हणतात, हे सारे प्रपंचाच्या कटकटीतून पळून जाणे आहे. या प्रश्नाचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या आयुष्यात शोधावे, असे आम्हांस वाटते. स्वामी विवेकानंदांचे चरित्र या दृष्टीने वाचले असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. त्यांच्या आयुष्यास वळण देणारे किंवा त्यांची कसोटी पाहणारे कितीतरी दिवस हिवाळ्यातले आहेत, आणि ते त्यांनी गर्दीपासून दूर घालविलेले आहेत. शिकागोच्या सभेची कथा सर्वांस ठाऊक आहे. या हिवाळ्यांची कथा तेवढी सांगितली जात नाही. तीच येथे सांगण्याचे योजिले आहे.

स्वामीजींचा जन्मही हिवाळ्यातलाच. १२ जानेवारी १८६३ रोजी, त्या वर्षीच्या मकरसंक्रांतीच्या दिवशी, कलकत्त्यातील सिमला भागात विश्वनाथ दत्त व भुवनेश्वरीदेवी यांच्या पोटी नरेंद्रनाथांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील होते. घरात गाणेबजावणे, पाहुणेरावळे आणि मोकळा हात होता. पुढे ज्या संस्थेस स्कॉटिश चर्च कॉलेज हे नाव मिळाले, तेथे शिकत असताना १८८१ च्या सुमारास त्यांची श्रीरामकृष्ण परमहंसांशी भेट झाली. १८८४ साली वडील अकस्मात वारले आणि सुखवस्तू घरावर कर्ज व उपासमार यांचे सावट पडले. आई आणि लहान भावंडे यांचा भार वडील मुलगा म्हणून नरेंद्रनाथांच्या खांद्यांवर आला. नोकरीसाठी अनवाणी हिंडावे, कोठेही दाद लागू नये, घरी अन्न कमी आहे हे पाहून बाहेर जेवण झाल्याचे निमित्त सांगावे, अशा स्थितीत त्यांचे दिवस गेले. ज्यास पुढे जगाने संन्यासी म्हणून ओळखले, त्यास प्रपंचाची झळ पुरेपूर लागलेली होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८८५ च्या डिसेंबरात श्रीरामकृष्णांना घशाच्या असाध्य रोगामुळे काशीपूरच्या उद्यानगृहात आणण्यात आले. त्या हिवाळ्यात तरुण शिष्य आळीपाळीने गुरूंची सेवा करीत आणि रात्री बागेत धुनी पेटवून ध्यानास बसत. नरेंद्रनाथांच्या मनात तेव्हा एकच ओढ होती. समाधीत बुडून राहावे, देहरक्षणापुरते भानावर यावे आणि पुन्हा समाधीत जावे, एवढेच त्यांनी गुरूंपाशी मागितले. कोणाही गुरूस अशा शिष्याचे कौतुक वाटावे. परंतु श्रीरामकृष्णांनी त्यांची कानउघाडणी केली. ज्याने वटवृक्षाप्रमाणे हजारो श्रांत जीवांना सावली द्यावयाची, त्याने केवळ स्वतःच्या मुक्तीची इच्छा धरावी हे त्यांना हलके वाटले. एकांताची ओढ आणि लोकांची हाक यांमधील हा ताण पुढे स्वामीजींच्या आयुष्यात अखेरपर्यंत राहिला. त्यांच्या प्रत्येक एकांतवासाची कथा म्हणजे या ताणाचीच कथा होय.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. वराहनगर येथे एक पडके घर भाड्याने घेऊन काही शिष्य राहू लागले. तथापि सर्वांचा निश्चय झालेला नव्हता. कोणाच्या घरून बोलावणी येत, कोणाची परीक्षा राहिलेली, कोणी अर्धे घरी तर अर्धे मठात. अशा वेळी डिसेंबरमध्ये बाबुराम या गुरुबंधूच्या मातोश्रींनी सर्वांना हुगळी जिल्ह्यातील आंटपूर या आपल्या गावी चार दिवस राहावयास बोलाविले. निमंत्रण साधे होते. खेड्यातील मोकळी हवा घ्यावी, पोटभर जेवावे आणि परत यावे, एवढेच. पण शहरातील कोलाहल सुटल्याबरोबर या तरुणांच्या मनातील दबलेला भाव वर आला. रात्री मोकळ्या आकाशाखाली धुनी पेटली. ध्यान झाले, भजन झाले, आणि नंतर नरेंद्रनाथांनी येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून देहत्यागापर्यंतची कथा सांगून त्याच्या शिष्यांच्या त्यागाचे वर्णन केले. त्या अग्नीच्या साक्षीने तेथे जमलेल्या नऊ तरुणांनी संसाराचा त्याग करण्याचा संकल्प सोडला. ती नाताळची पूर्वरात्र होती, हे त्यांच्या मागाहून लक्षात आले. पुढे १८८७ च्या आरंभी वराहनगरास विधिपूर्वक विरजाहोम करून त्यांनी संन्यास घेतला. मठात अन्नाचे हाल होते. कित्येक दिवस नुसता भात आणि मीठ एवढ्यावर भागवावे लागे. परंतु आंटपुराहून परतलेल्या मंडळींमध्ये आता डळमळ उरली नव्हती.

हा पहिला लाभ होय. रोजच्या जागी मनुष्य रोजच्याच उत्तरांनी वेळ मारून नेतो. जागा बदलली, रात्र मोठी व थंड असली, सोबतीस समानशील माणसे असली आणि करण्यासारखे दुसरे काही नसले, की टाळलेला प्रश्न समोर येऊन बसतो. त्याचे उत्तर द्यावेच लागते.

परंतु प्रत्येक एकांतवास सफल होतोच असे नाही, हेही स्वामीजींच्या चरित्रातून शिकावयास मिळते. १८९० साली ते हिमालयात दीर्घ तप करण्याच्या निश्चयाने निघाले. अल्मोड्यास पोहोचतात तोच बहिणीच्या दुःखद मृत्यूची तार हाती आली आणि मन पुन्हा घरच्या दुःखाकडे ओढले गेले. पुढे गढवालात गेले, तर सोबतचे अखंडानंद छातीच्या विकाराने आजारी पडले. त्यांच्या उपचारासाठी बेत मोडून डेहराडूनकडे उतरावे लागले. हृषीकेशास झोपडी बांधून राहिले, तर स्वामीजींनाच इतका विषम ज्वर आला की, सोबत्यांनी त्यांची आशा सोडली होती. एका साधूने दिलेल्या औषधाने ते शुद्धीवर आले. तीन वेळा त्यांनी एकांत शोधला आणि तीन वेळा तो मोडला. मीरतेस गुरुबंधूंच्या सहवासात शरीर सावरल्यावर १८९१ च्या जानेवारीच्या अखेरीस ते सर्वांना सोडून एकटेच निघाले. या खेपेस त्यांनी गुहा शोधली नाही. रस्ता धरला आणि देश पाहण्यास आरंभ केला.

या भ्रमणातच ते आपल्या भागात आले, ही आम्हां मराठी जनांस अभिमानाची गोष्ट आहे. १८९२ साली राजस्थान व काठेवाड पालथे घालून ते बडोद्यास आले, तेथून पुढे मुंबई, मग पुण्यास विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस, नंतर कोल्हापूर, आणि ऑक्टोबरच्या मध्यास बेळगाव. बेळगावात प्रथम ते वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे उतरले. भाटे यांचे चिरंजीव त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी मुखोद्गत करीत होते. आपण कष्टाने पाठ केलेली सूत्रे हा अनोळखी बंगाली संन्यासी आपल्याहून सफाईने म्हणतो, हे पाहून तो मुलगा थक्क झाला. नंतर जंगलखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी स्वामीजी काही दिवस राहिले. मित्र दांपत्याने त्यांच्याकडून दीक्षा घेतली. त्यांनी अधिक राहण्याचा आग्रह केला. पण एका ठिकाणी फार दिवस न राहण्याचा स्वामीजींचा नेम होता. शिकागोच्या धर्मपरिषदेचा विषय निघाला तेव्हा वर्गणी गोळा करण्याची सिद्धता मित्रांनी दाखविली. स्वामीजींनी ती नाकारली. प्रथम रामेश्वराचे दर्शन घ्यावयाचे, असे त्यांच्या मनात होते. बेळगावाहून ते मडगावास गेले, तेथे सुब्राय नायक यांचे पाहुणे झाले, आणि जवळच्या राशोल येथील ख्रिस्ती सेमिनरीत जाऊन त्यांनी तेथील धर्मग्रंथांचा अभ्यास केला.

या दोन वर्षांत त्यांनी काय पाहिले? राजवाडे पाहिले आणि भंग्यांच्या झोपड्याही पाहिल्या. दिवाणांच्या पंगतीस बसले आणि कधी दोन-दोन दिवस उपाशीही चालले. विद्वानांशी वाद केला आणि निरक्षर शेतकऱ्यांच्या घरची भाकरी खाल्ली. डोळ्यांपुढे एवढे साठले होते की, त्याची संगती लावण्यास स्थिर जागा हवी होती. म्हैसूर, कोचीन, त्रिवेंद्रम असा प्रवास करीत ते १८९२ च्या डिसेंबरच्या अखेरीस भारतभूमीच्या शेवटच्या टोकास, कन्याकुमारीस पोहोचले.

देवीचे दर्शन घेऊन ते समुद्रात उतरले आणि पोहत जाऊन किनाऱ्यापासून सुमारे पाचशे मीटर अंतरावरील खडकावर बसले, असे परंपरा सांगते. होडीवाल्यास द्यावयास त्यांच्यापाशी पैसा नव्हता. याच खडकावर देवी कुमारीने शिवप्राप्तीसाठी तप केले, अशी तेथील जुनी श्रद्धा आहे. २५, २६ व २७ डिसेंबर हे तीन दिवस त्यांनी तेथे ध्यानात घालविले, असे मानले जाते. दक्षिणेत हा काळ कडाक्याच्या थंडीचा नसतो. ईशान्येकडून येणारा पाऊस ओसरलेला असतो, हवा सौम्य असते आणि तीन समुद्रांचा आवाज तेवढा अखंड चालू असतो.

तेथे त्यांनी कशाचे चिंतन केले, याविषयी तर्क करण्याचे कारण नाही. पुढे १८९४ च्या मार्चमध्ये शिकागोहून गुरुबंधू रामकृष्णानंद यांना धाडलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच त्याची हकीकत दिली आहे. देशातील लक्षावधी गोरगरीब कसे अन्नास व विद्येस पारखे झाले आहेत, आणि एवढे संन्यासी गावोगाव फिरून त्यांना केवळ तत्त्वज्ञान ऐकवितात, याचा त्यांना विषाद वाटला. मग त्यांना असा मार्ग सुचला की, निःस्वार्थी संन्याशांनी खेडोपाडी जावे, आणि नकाशे, पृथ्वीचे गोल, छायाचित्रे यांच्या साहाय्याने अगदी तळच्या माणसापर्यंत विद्या न्यावी. त्यासाठी माणसे हवीत आणि पैसाही हवा. देशात तो मिळत नाही, तर परदेशी जाऊन मिळवावा. काशीपुरास ज्याने समाधीत बुडून राहण्याचा वर मागितला होता, त्यास सहा वर्षांनी ध्यानाच्या आसनावर नकाशे आणि पृथ्वीचे गोल दिसले! आम्हांस तर या चरित्रातील हा सर्वांत मोठा चमत्कार वाटतो.

हा दुसरा लाभ. आंटपुरास मनाचा निश्चय झाला होता. येथे त्या निश्चयास काम मिळाले. आणि हेही पाहावे की, त्या तीन दिवसांच्या मागे दोन वर्षांची पायपीट होती. ज्याने काही पाहिले नाही, सोसले नाही, त्यास खडकावर बसून केवळ खडकच भेटेल.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९३ च्या फेब्रुवारीत हैदराबाद-सिकंदराबादेस त्यांचे व्याख्यान झाले, ३१ मे रोजी मुंबईहून ते बोटीने निघाले आणि ११ सप्टेंबर रोजी शिकागोच्या सभेत उभे राहिले. १८९७ च्या जानेवारीत ते परत आले आणि त्याच वर्षी १ मे रोजी त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. त्या खडकावर पुढे स्मारक उभे राहिले, तेही एका मराठी माणसाच्या, एकनाथजी रानडे यांच्या अविश्रांत परिश्रमाने. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज तेथे ध्यानासाठी स्वतंत्र मंडप आहे, आणि जाणारा यात्रेकरू क्षणभर तरी मुकाट्याने बसतो.

आता तिसऱ्या हिवाळ्याकडे वळू. यशाच्या शिखरावर असताना स्वामीजींचे शरीर मात्र खचत चालले होते. मधुमेह जडला होता आणि दमा वारंवार उसळत होता. ९ डिसेंबर १८९८ रोजी बेलूर मठात श्रीरामकृष्णांच्या अस्थींची स्थापना झाली आणि दहाच दिवसांनी, १९ डिसेंबरला, वैद्यांच्या व सुहृदांच्या इच्छेनुसार हवापालटासाठी ते देवघरास गेले. परळी वैजनाथ आपणांस जवळचे. पण सध्याच्या झारखंडातील देवघरासही पुष्कळ भाविक वैद्यनाथ ज्योतिर्लिंगाचे स्थान मानतात. तेथील कोरडी हवा बंगाली लोकांस मानवते म्हणून कलकत्त्याची मंडळी हिवाळ्यात तेथे जाऊन राहत. स्वामीजींचा दिनक्रम ठरला होता: वाचन, चिंतन, फिरणे आणि पुरेशी निद्रा.

प्रकृती मात्र सुधारली नाही. दम्याने असा जोर धरला की, आठ दिवस आणि आठ रात्री त्यांचा श्वास कोंडत राहिला. उशीस टेकून बसावे आणि एकेक श्वास ओढावा, अशी अवस्था झाली. कलकत्त्यास परत आणले तेव्हा आपण अर्धमेलेच होतो आणि त्या प्रवासाने काडीचाही गुण आला नाही, असे त्यांनी मागाहून एका अमेरिकन स्नेही बाईंना कळविले. थंड व कोरडी हवा दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित करते, हे आजचे वैद्यक निश्चितपणे सांगते. हिवाळ्यातील हवापालट सर्वांसच मानवतो हा समज त्यामुळे खरा नाही.

तरीही देवघरचे दिवस वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. एके दिवशी गुरुबंधू निरंजनानंदांसह फिरावयास गेले असता रस्त्याच्या कडेस एक मनुष्य अतिसाराच्या वेदनांनी तळमळत पडलेला त्यांना दिसला. थंडीचे दिवस, अंगावर फाटके वस्त्र, तेही मळाने भरलेले. स्वामीजी स्वतः दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. यजमानास हे रुचेल की नाही, असा विचार क्षणभर त्यांच्या मनात आला. पण दोघांनी त्यास हळूहळू आधार देत घरी आणले, स्वच्छ केले, दुसरे वस्त्र नेसविले आणि शेक दिला. तो मनुष्य बरा झाला. यजमानही नाराज न होता सद्गदितच झाले. ज्याचा स्वतःचा श्वास पुरत नव्हता, त्याने दुसऱ्यास उचलून आणले. शरीरास आराम न देणाऱ्या त्या एकांतवासात मन मात्र जागे राहिले होते.

चौथा हिवाळा हिमालयातील मायावतीचा. आज उत्तराखंडाच्या चंपावत जिल्ह्यात असलेल्या या ठिकाणी, सुमारे ६,४०० फूट उंचीवर, कॅप्टन सेव्हियर व त्यांच्या पत्नी शार्लट या इंग्रज दांपत्याने स्वामी स्वरूपानंदांसह १८९९ च्या मार्चमध्ये अद्वैत आश्रम उभारला होता. २८ ऑक्टोबर १९०० रोजी कॅप्टन सेव्हियर तेथेच वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. स्वामीजी दुसऱ्या परदेशप्रवासाहून ९ डिसेंबर १९०० रोजी अचानक बेलूरास परतले, तोच ही वार्ता त्यांना कळली. प्रवासाचा शीण उतरला नव्हता, दमा होताच, आणि हिमालयात जाण्याचा तो काळ नव्हे, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही त्या एकाकी बाईंच्या सांत्वनासाठी २७ डिसेंबरला ते निघाले. काठगोदामापासून पुढचा ६५ मैलांचा डोंगरी रस्ता पाऊस व बर्फ यांनी निसरडा झाला होता. वाटेत अडकून एक रात्र त्यांना एका दुकानदाराच्या झोपडीत धुरात काढावी लागली. ३ जानेवारी १९०१ रोजी ते मायावतीस पोहोचले.

तेथे ते १८ जानेवारीपर्यंत राहिले. बाहेर बर्फ आणि आत क्षीण प्रकृती, यामुळे पुष्कळ वेळ घरातच जात असे. आपला अडतिसावा वाढदिवस त्यांनी याच बर्फात पाहिला. परंतु याच पंधरा दिवसांत त्यांनी आश्रमाच्या मासिकासाठी लेख लिहिले, आश्रमवासीयांच्या शंकांचे निरसन केले, कामाची घडी बसवून दिली, आणि हवा निवळली तेव्हा आसपासच्या टेकडीवर व तळ्याकाठी फेरफटका केला. आयुष्याचे उरलेले दिवस असेच येथे लिहिण्यात घालवावेत, अशी इच्छाही त्यांच्या मनात येऊन गेली. ती पूर्ण झाली नाही. ज्यांच्यासाठी ते गेले होते, त्या सेव्हियरबाई मात्र पतीच्या पश्चात इंग्लंडास न परतता अनेक वर्षे त्या डोंगरातच राहिल्या आणि त्यांनी आश्रमाचे कार्य सांभाळले. एका दुःखी जीवास मिळालेला धीर हे त्या बर्फातील प्रवासाचे फळ होते.

मायावतीहून परतल्यावर स्वामीजींनी आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९०१ च्या मार्चमध्ये पूर्व बंगालच्या प्रवासात त्यांनी आपल्या वृद्ध मातोश्रींना बरोबर घेऊन ब्रह्मपुत्रेचे पर्वस्नान घडविले आणि चंद्रनाथ व कामाख्या या तीर्थांचे दर्शन करविले. ज्या आईला तारुण्यात अन्नवस्त्राचीही चिंता सोसावी लागली, तिची ही इच्छा पुरविण्याचे पुत्राचे मनोगत पुष्कळ दिवसांचे होते.

वाचकहो, या चार हिवाळ्यांवरून आम्ही काय घ्यावे? एकांतवासाने प्रत्येक व्याधी बरी होते, असे हे चरित्र सांगत नाही. देवघरी व्याधी वाढलीच. म्हणून ज्यांना दमा वा हृदयविकार आहे, ज्यांचे वय झाले आहे, त्यांनी थंड डोंगरी स्थळी जाण्याआधी वैद्यांचा सल्ला घ्यावा, औषधे बरोबर ठेवावीत आणि भल्या पहाटेच्या गारठ्यात फिरण्याचा हट्ट धरू नये. परंतु आंटपुरास डळमळते मन स्थिर झाले, कन्याकुमारीस विखुरलेल्या अनुभवांची संगती लागली, देवघरास स्वतःच्या दुःखातही दुसऱ्याचे दुःख दिसले, आणि मायावतीस एका शोकाकुल घरी धीर पोहोचला. मनाचे आरोग्य यांहून वेगळे ते काय असते?

आणि ते चारही वेळा परतले. आंटपुराहून मठात, खडकावरून लोकांत, देवघराहून कार्यात, मायावतीहून मातेकडे. आपण प्रपंची माणसे. आपल्याला दोन वर्षे हिंडणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. पण धुंधुरमासातील तीन-चार दिवस भ्रमणध्वनी बाजूस ठेवून, मिताहार करून, थोडे वाचून, पुष्कळ चालून आणि कमी बोलून घालविणे कोणत्याही कुटुंबास अशक्य नाही. लांबचे तीर्थ नसले तरी गावाबाहेरची टेकडी अथवा नदीकाठचे देऊळ पुरते. मात्र घरातील आजारी माणसास वा लहान लेकरास दुसऱ्याच्या गळ्यात घालून कोणी निघू नये. ज्यांना निघता येत नाही त्यांची पाळी पुढच्या वेळी यावी, अशी सोय कुटुंबाने करावी. विशेषतः ज्या गृहिणींच्या वाट्यास वर्षभरात एकही निवांत दिवस येत नाही, त्यांचा हक्क यात पहिला आहे. परत आल्यावर आपण घरच्यांशी अधिक सौम्यपणे बोलतो की नाही, एखादे टाळलेले कर्तव्य हाती घेतो की नाही, एवढे पाहावे. एकांतवास सफल झाला किंवा नाही, हे त्यावरून कळेल.

४ जुलै १९०२ रोजी बेलूर मठात स्वामीजींनी देह ठेवला. त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्या अखेरच्या दिवशी सकाळी त्यांनी देवघराची दारे-खिडक्या लावून घेऊन सुमारे तीन तास एकट्याने ध्यान केले. नंतर सर्वांच्या पंगतीस बसून ते जेवले, दुपारी ब्रह्मचाऱ्यांना संस्कृत व्याकरण शिकविले, आणि सायंकाळी प्रेमानंदांना बरोबर घेऊन दूरवर फिरून आले. हे प्रेमानंद म्हणजेच बाबुराम, ज्यांच्या आंटपूरच्या घरी सोळा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती धुनी पेटली होती. सकाळी एकांत, दिवसा अध्यापन आणि संध्याकाळी जुन्या सोबत्याचा सहवास, असा तो शेवटचा दिवस पार पडला.